आखेनचा लोथार क्रूस: रत्नांची बाजू, रेघेची बाजू आणि नाव न उरलेला सोनार

रुईफूल

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे एक वस्तू डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय.

आम्ही जर्मनीत कोलोनला राहतो. आखेन तिथून रेल्वेनं तासाभरावर. तिथल्या कॅथेड्रलमध्ये शार्लमेन या जुन्या सम्राटाचं सिंहासन आहे, तेच बघायला गेले होते. पाऊस आला म्हणून शेजारच्या खजिन्याच्या इमारतीत शिरले आणि लोथार क्रूसासमोर दोन तास उभी राहिले.

मी सोनाराची मुलगी. बाबांची सावंतवाडीला पेढी होती, म्हणजे ओटीवरची एक खोली. त्यांच्या शेजारी बसून फुंकणी, मूस, सोन्याच्या रव्यांची डबी बघत वाढले. त्यामुळे कुठलाही दागिना दिसला की ‘हा कसा केला असेल’ हेच आधी मनात येतं.

हा क्रूस साधारण इसवी सन १०००च्या सुमाराचा, बहुधा कोलोनमध्येच घडवलेला. उंची ५० सेंटिमीटर, रुंदी साडेअडतीस, जाडी फक्त २.३. आत लाकडाचा गाभा, पुढून सोन्याचा पत्रा, मागून सोन्याचा मुलामा दिलेली चांदी. सम्राट तिसऱ्या ऑटोनं तो आखेनला दिला असं मानतात. हा ऑटो ९८३च्या नाताळात आखेनलाच राजा झाला, तेव्हा तीन वर्षांचा होता. १००२मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी गेला आणि त्याला इथंच पुरलं. हा क्रूस भिंतीवर लावायला केलेला नाही. काठीवर बसवून मिरवणुकीत सर्वांच्या पुढे न्यायचा. आज खाली दिसते ती बैठक चौदाव्या शतकात जोडलेली आहे.

पुढच्या बाजूला १०२ रत्नं आणि ३५ मोती. मोठे खडे मधल्या रेषेवर, लहान खडे आणि मोती त्यांच्या अवतीभवती, आणि मधल्या प्रत्येक मोकळ्या जागेत सोन्याच्या तारेची नक्षी. एकाही खड्याला पैलू नाहीत. पैलू पाडणं युरोपात फार नंतर आलं. सगळे नुसते घासून गुळगुळीत केलेले, थेंबासारखे फुगीर. नीट बघितलं तर एकाचा आकार दुसऱ्याशी जुळत नाही.

मधोमध जिथं दोन दांडे मिळतात तिथं रोमन सम्राट ऑगस्टसची प्रतिमा आहे. डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, हातात गरुडाचा राजदंड. सार्डोनिक्स नावाचा थराथरांचा दगड असतो, त्याच्या पांढऱ्या आणि तपकिरी थरांचा उपयोग करून ती कोरली आहे. पहिल्या शतकातली. म्हणजे क्रूस घडला तेव्हाच ती हजार वर्षांची जुनी होती! खाली उभ्या दांड्यावर स्फटिकात कोरलेली एक मुद्रा आहे, राजा दुसऱ्या लोथारची. हा शार्लमेनचा पणतू, ८५५ ते ८६९ राज्य केलेला. मुद्रेवर लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘हे ख्रिस्ता, लोथार राजाला साहाय्य कर’. क्रूसाला त्याचं नाव पडलं ते या मुद्रेमुळं. क्रूस त्याच्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी घडला, त्याचा ह्याच्याशी तेवढाच संबंध.

मग मी मागे गेले.

मागे एकही रत्न नाही. सपाट पत्र्यावर फक्त कोरलेल्या रेघा. क्रूसावरचा ख्रिस्त, प्राण गेलेला. मान खांद्यावर पडलेली, डोळे मिटलेले, अंग खाली ओढलं गेलेलं, कुशीतून रक्त. आडव्या दांड्याच्या दोन टोकांना सूर्य आणि चंद्र शोक करताहेत. वरून देवाचा हात आलाय, त्यात पानांचा वेढा आणि त्या वेढ्यात कबुतर. पायथ्याशी वेटोळं घातलेला साप. कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये गेरो क्रूस आहे, माणसाच्या उंचीचा, लाकडी, दहाव्या शतकातला. तिथला ख्रिस्तही असाच, सगळा भार हातांवर आलेला. त्याच्याकडे मी कितीदा बघितलंय, पण इथं अर्ध्या मीटरच्या क्रूसावर, नुसत्या रेघेनं, तेच वजन कुणीतरी आणलंय.

एका वस्तूच्या या दोन बाजू बघून मला दोन प्रश्न पडलेत. मिरवणुकीत कुठली बाजू पुढे असायची? आणि हे करणारा सोनार कोण? सम्राटाचं नाव आहे, ऑगस्टसचं आहे, ज्याचा फक्त शिक्का वापरला त्या लोथारचंही आहे. ज्यानं केलं त्याचं नाही.

जाणकारांनी लिहावं.

सांजदिवा

किती सुंदर लिहिलंय! दोन्ही बाजूंचं वर्णन वाचून लगेच चित्रं शोधली. मागची बाजू बघितल्यावर पुढच्या बाजूकडे पुन्हा वेगळ्याच नजरेनं बघितलं गेलं.

जडावकार

रुईफूलताई, मी कोल्हापूरला गुजरीत काम करतो. जडावाचंच काम आहे, तिसरी पिढी. चित्र मोठं करून तासभर बघत बसलो. जे दिसलं ते लिहितो.

पहिली गोष्ट. आपण नवा डाग घडवतो तेव्हा आधी घाट ठरतो आणि मग मापाचे खडे आणतो. इथं उलटं झालंय. खडे आधी होते, कुणी राजानं दिलेले, कुणी जुन्या वस्तूतून काढलेले, आणि एकाचं माप दुसऱ्याला नाही. म्हणजे या माणसानं आधी सगळे खडे मेणावर किंवा वाळूवर क्रूसाच्या आकारात मांडून बघितले असणार. कुठला कुणाच्या समोर येतो, डावीकडच्या निळ्याला उजवीकडे जोड मिळतो का, हे सगळं. त्यात एक फिरवला की चार फिरतात. मला वाटतं अर्धी अक्कल तिथं लागली आहे, भट्टी पेटायच्या आधी.

दुसरी गोष्ट कोंदणाची. आपल्या कुंदनात खड्याखाली चमकदार पत्रा घालतात आणि कडेनं शुद्ध सोनं दाबून बसवतात. इथं तसं नाही. प्रत्येक खड्याभोवती पट्टीची भिंत उभी केलीय आणि तिची वरची कड खड्यावर किंचित वळवलीय. त्या काळच्या जर्मन कामात मोठा खडा पत्र्यावर सपाट न ठेवता उंच कोंदणात चढवायची पद्धत होती, कधी खाली छोट्या कमानींची ओळ करून. त्यामुळे खडा पत्र्यापासून सुटतो आणि कडेनं प्रकाश आत जातो. पैलू नसलेल्या खड्यात जीव आणायचा तर हाच उपाय. मिरवणुकीत मेणबत्त्या हलत्या असणार, त्या उजेडात हे कसं दिसत असेल याचा विचार करा.

तिसरी, डाखाची, म्हणजे सोन्याला सोनं जोडणाऱ्या धातूची. शंभराहून अधिक कोंदणं आणि मध्ये सगळीकडे तार, हे सगळं पत्र्याला जोडायचं. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं. पत्रा, तार, कोंदण सगळं सोन्याचं असलं की डाख वितळायला लागणारी धग आणि काम बिघडवणारी धग यात फार अंतर राहत नाही. दुसऱ्यांदा आच दिली की आधीचा डाख सुटायची भीती. तार केसासारखी बारीक असली की डोळ्यादेखत गोळा होते. आमच्याकडे आता गॅसची ज्योत आहे, हवी तिथं नेता येते. त्याच्याकडे कोळसा आणि भाता.

खडे आणि मोती शेवटी बसवले असणार हे नक्की, कारण मोती आगीत टिकत नाही. म्हणजे सगळी कोंदणं रिकामी तयार करायची आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक खडा आपल्या घरात बसला पाहिजे. एखाद्याचं माप चुकलं तर परत आच देता येणार नाही.

प्रश्नचिन्ह

जडावकारांचा प्रतिसाद वाचून चित्र दहा वेळा मोठं केलं. एक विचारू का? त्या काळात डाख कशाचा करत असतील? आपल्याकडे टाकणखार वापरतात एवढं ऐकून आहे.

जडावकार

टाकणखार जोड स्वच्छ ठेवायला लागतो, डाख वेगळा. जुन्या युरोपातलं मला माहीत नाही. आमचे आजोबा डाखाला सोन्यात थोडं तांबं-चांदी मिसळत, म्हणजे ते मूळ सोन्याच्या आधी वितळतं.

इतिहासवेडी

याचं उत्तर मिळतं. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला थिओफिलस या नावानं लिहिणाऱ्या एका मठवासी साधूनं कलाकुसरीवर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिलाय. पहिला भाग रंगांचा, दुसरा काचेचा, तिसरा धातुकामाचा, आणि तिसराच सगळ्यात लांब. तो स्वतः काम करणारा होता हे वाक्यावाक्याला जाणवतं. भट्टी कशी बांधायची, बसायचं कसं, खिडकी कुठं हवी, इथपासून सुरुवात करतो. सोन्याच्या डाखासाठी तो मीठ लावून जाळलेलं तांबं, लाकडाच्या राखेचा क्षार आणि साबण यांचा लेप सांगतो. लेप लावायचा, वर तारा आणि रवे मांडायचे आणि आच द्यायची. लेपातलं तांबं सोन्याला भेटतं तिथंच, फक्त त्या टोकाशी, वितळण्याची पातळी खाली येते आणि जोड बसतो. जडावकारांच्या आजोबांचं तत्त्व तेच.

मण्यांच्या माळेसारखी दिसणारी तार कशी करायची तेही त्यानं लिहिलंय. खाच असलेल्या हत्यारात साधी तार ठेवून फिरवत दाबायची. आणि त्याच ग्रंथात स्फटिक कोरण्याआधी तो बोकडाच्या गरम रक्तात ठेवावा, म्हणजे मऊ होतो, असंही सांगितलंय. डाखाचा कृतिपाठ इतका नेमका आणि शेजारी हे. पण स्फटिक किती कठीण असतो आणि तो कोरताना माणूस किती हताश होत असेल, हे मला त्या बोकडावरून जास्त कळलं.

हा ग्रंथ लोथार क्रूसाच्या शंभरेक वर्षांनंतरचा आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. पण हात तेच असणार.

जडावकार

मण्यांची तार! आमच्याकडेही खाचेच्या हत्यारानंच करतात. आणि रवा असाच. सोन्याचा बारीक तुकडा कोळशावर तापवला की आपोआप गोल होतो, त्याला कुणी गोल करावं लागत नाही. हे त्या साधूलाही दिसलं असणार. हा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, बसायचं कसं हे जो आधी सांगतो तो खरा कारागीर.

प्रश्नचिन्ह

अजून एक. क्रूसाच्या मधोमध ऑगस्टस का? तो ख्रिस्ती नव्हता. त्याच्या साम्राज्याच्या अधिकाऱ्यानंच पुढे ख्रिस्ताला क्रूसावर चढवलं. मला हे खटकतं, प्रामाणिकपणे विचारतोय.

इतिहासवेडी

खटकायलाच हवं. विद्वानांनी त्यावर पुष्कळ लिहिलंय. एक धागा असा की शुभवर्तमानानुसार ख्रिस्ताचा जन्म ऑगस्टसच्या राज्यात झाला, त्यानं काढलेल्या शिरगणतीच्या हुकुमामुळे मरिया आणि योसेफ बेथलेहेमला गेले. मध्ययुगाला त्यात दैवी योजना दिसायची. दुसरा धागा तिसऱ्या ऑटोचा. त्याच्या ९९८च्या शिशाच्या मुद्रेवर ‘रोमन साम्राज्याचं नवीकरण’ असे शब्द आहेत. तो स्वतःला ऑगस्टसचा वारस आणि ख्रिस्ताचा पृथ्वीवरचा प्रतिनिधी समजत होता. मग ऑगस्टस मध्ये बसवला की तीन जण एका जागी येतात: जुना सम्राट, आत्ताचा सम्राट आणि स्वर्गातला राजा.

रत्नजडित क्रूसाची कल्पना त्याहूनही जुनी आहे. रोममध्ये सांता पुदेन्झियाना चर्चच्या इसवी सन ४००च्या सुमाराच्या मोझेइकमध्ये यरुशलेमच्या टेकडीवर रत्नांनी मढवलेला मोठा क्रूस दाखवलाय. रावेन्नाजवळ क्लास्सेच्या चर्चमध्येही, सहाव्या शतकातला. हे क्रूस मृत्यूचे नव्हेत, विजयाचे. त्यांच्यावर देह नसतो.

जडावकार

इतिहासवेडीताईंचं बरोबरच असेल. पण कारागीर म्हणून सांगतो, इतका मोठा आणि इतका देखणा दगड समोर असताना कुणीही तो मध्येच बसवला असता. दुसरीकडे कुठं बसवला तर बाकीचे सगळे मरतात.

इतिहासवेडी

तो दगड निवडून ठेवणारा आणि बसवणारा यांच्यात बोलणं झालं असेलच ना! कदाचित दोघांची कारणं वेगळी आणि जागा एकच.

वसईवाला

मी वसईचा कॅथलिक, लहानपणी बरीच वर्षं वेदीसेवक, म्हणजे उपासनेत धर्मगुरूला मदत करणारा मुलगा, होतो. कुठली बाजू पुढे, या प्रश्नावर थोडं सांगू शकतो.

मिस्सेच्या, म्हणजे आमच्या उपासनेच्या, प्रवेशाच्या मिरवणुकीत क्रूसवाला सगळ्यात पुढे (धूप असेल तर धुपाटणंवाला त्याच्याही आधी), दोन बाजूंना मेणबत्तीवाले, आणि धर्मगुरू सगळ्यात शेवटी. क्रूसावरच्या ख्रिस्ताचं तोंड पुढे, चालण्याच्या दिशेला. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. काठी किती उंच धरायची, पायऱ्या चढताना ती मागे कलू द्यायची नाही, हे सगळं. पितळी क्रूस होता आमचा, तरी मिरवणूक लांबली की दंड भरून यायचे. लाकडाच्या गाभ्यावर सोनं-चांदी आणि शंभर रत्नं असलेला क्रूस उंच धरून चालायचं म्हणजे काय, हे मी खांद्यानं समजू शकतो.

पण जुन्या प्रथेत एक अपवाद आहे. आर्चबिशपपुढे जो त्याचा क्रूस नेतात, त्यावरच्या ख्रिस्ताचं तोंड मागे, आर्चबिशपकडे असायचं. म्हणजे ज्याच्या अधिकाराची ती खूण, त्यालाच चालताना समोर क्रूसावरचा ख्रिस्त दिसत राहावा.

लोथार क्रूसाच्या वेळी काय नियम होता हे त्यावरून ठरत नाही. पण दोन बाजू असलेल्या क्रूसाचा हा अर्थ मला लगेच जाणवला. लोकांना रत्नांची बाजू, विजयाची. आणि मागून चालणाऱ्या सम्राटाला रेघेची बाजू. हात खिळलेला, मान पडलेला देव, तोही अगदी नजरेसमोर.

रुईफूल

वसईवाला दादा, वाचून अंगावर काटा आला. मी उभी राहून हाच विचार करत होते, पण मिरवणुकीत चाललेल्या माणसाच्या बाजूनं केला नव्हता. काहीजण नेमकं उलटंही म्हणतात, की ऑगस्टसची बाजू सम्राटाकडे असेल, त्याला त्याचा पूर्वज दिसावा म्हणून. मला मात्र तुमचाच अर्थ पटतो. मागचं ते चित्र लांबून दिसण्यासाठी केलेलंच नाही. रेघ इतकी बारीक आहे की चार-पाच पावलांवर असलेल्या माणसालाच ते कळेल.

काठीवरून आठवलं. एसेनच्या खजिन्यात अॅबेस माथिल्डा हिनं दिलेला एक क्रूस आहे, याहून थोडा जुना. ही पहिल्या ऑटो सम्राटाची नात, एसेनच्या स्त्रियांच्या धर्मसंस्थेची प्रमुख. त्या क्रूसावर ख्रिस्ताच्या पायाखाली मीनाकामाची एक इवलीशी पाटी आहे. त्यात माथिल्डा आणि तिचा भाऊ, ड्यूक ऑटो, समोरासमोर उभे आहेत आणि दोघांनी मिळून लांब काठीवरचा क्रूस धरलाय. नावंही लिहिलीत. म्हणजे क्रूस कसा धरत ते क्रूसावरच काढून ठेवलंय. भाऊ ९८२मध्ये इटलीच्या मोहिमेत गेला. बहीण १०११पर्यंत होती. मला ती पाटी राखीसारखी वाटते, मग कुणी काहीही म्हणो.

डब्लिनकर

धागा उशिरा वाचला. रुईफूल, तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी एक क्रूस आमच्या गावात आहे.

डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात काँगचा क्रूस आहे. ११२३चा. आयर्लंडचा राजा टर्लो ओकॉनर याला ख्रिस्ताच्या मूळ क्रूसाचा म्हणून एक लाकडी तुकडा मिळाला, तो ठेवण्यासाठी हा घडवला. ओकच्या लाकडाचा गाभा, वर पितळ-काशाच्या जातीचे पत्रे, सोन्याची तार, काचेच्या मीन्याचे टिकले. मधोमध मोठा फुगीर स्फटिक, त्याच्याखाली तो तुकडा दिसावा अशी योजना. सगळ्या पृष्ठभागावर एकमेकांत गुंतलेले लांबलचक प्राणी, व्हायकिंग वळणाचे. सगळ्यात खाली, जिथं काठी बसते तिथं, एका जनावराचं तोंड, त्यानं क्रूस दातांत पकडलाय. ७६ सेंटिमीटर उंच, म्हणजे तुमच्यापेक्षा बराच मोठा. रत्नं मात्र नाहीत म्हणावीत अशी.

आणि कडेला चांदीच्या पट्टीवर लेख. मोठ्या धर्मगुरूसाठी प्रार्थना करा, राजा टर्लोसाठी प्रार्थना करा, बिशपसाठी प्रार्थना करा, आणि ज्यानं हे काम केलं त्या माएल ईसू, ब्राटानच्या मुलासाठी प्रार्थना करा. राजा, बिशप आणि सोनार एका ओळीत, एकाच शब्दात. माएल ईसू या नावाचा अर्थ ‘येशूचा भक्त’.

पुढची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा क्रूस शतकानुशतकं मेयो परगण्यातल्या काँग गावात राहिला. १८३९ साली ट्रिनिटी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक जेम्स मॅककुला यांनी तो १०० गिनींना विकत घेतला आणि रॉयल आयरिश अॅकॅडमीला देऊन टाकला, देशाबाहेर जाऊ नये म्हणून. पुढे काँगच्या लोकांना तो परत हवा होता, ते दुःखही खरंच.

सांजदिवा

‘ज्यानं हे काम केलं त्याच्यासाठी प्रार्थना करा.’ नऊशे वर्षांनी आपण मराठीत वाचतोय ते नाव.

इतिहासवेडी

डब्लिनकर, मग तिसरंही टोक लिहून टाकते. स्पेनमधल्या ओव्हिएदोला ‘देवदूतांचा क्रूस’ आहे. राजा दुसऱ्या अल्फोन्सोनं ८०८मध्ये दिलेला, चारी दांडे सारखे, तारकाम आणि रत्नं, लोथार क्रूसाहून दोनशे वर्षं जुना. दंतकथा अशी की राजाकडे सोनं आणि रत्नं होती, सोनार नव्हता. दोन यात्रेकरू आले, म्हणाले आम्ही करतो. राजानं सामान दिलं, खोली दिली. थोड्या वेळानं बघायला पाठवलं तर खोलीत उजेड, तयार क्रूस आणि माणसं नाहीत. ते देवदूत होते.

मला या कथेचं नेहमी वाईट वाटत आलंय. काम इतकं चांगलं की माणसानं केलंय हे पुढच्या पिढ्यांना पटेना, आणि त्या नादात माणूसच पुसला गेला. १९७७मध्ये हा क्रूस चोरीला गेला, चोरानं तोडून टाकला. मग जे सापडलं त्यातून माणसांनीच तो पुन्हा उभा केला.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. विषय मध्ययुगाचा आहे, आमचं उदाहरण त्यानंतरचं. पण नाव न उरलेल्या सोनारांची गोष्ट निघाली म्हणून.

जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी सगळ्यांनी बघितली असेल. ती १६३६-३७मध्ये गोव्याच्या सोनारांनी घडवली. योजना एका इटालियन जेझुइट धर्मगुरूची, मार्चेल्लो मास्त्रिल्ली त्याचं नाव, ते पुस्तकांतून मिळतं. चांदीचा पत्रा ठोकून ज्यांनी संताच्या आयुष्यातले प्रसंग उठवले, त्यांना मात्र नुसतं ‘गोव्याचे सोनार’ म्हणतात. आमच्याकडे सोनाराला शेट म्हणतात, मानाचं संबोधन आहे ते. माझी आजी तिथं गेली की संताला हात जोडायची आणि मग म्हणायची, शेटांचे हात बघ.

सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. मिरवणुकीतल्या वस्तू जवळून बघायच्या असतील तर आपल्या लोकांना ते आखेनपेक्षा जवळ पडेल. जरूर या.

प्रश्नचिन्ह

पण नाव न लिहिण्यामागं काही कारण असेल का? नम्रता?

इतिहासवेडी

काही ठिकाणी असेल. पण सगळ्यांची नावं गेली असंही नाही. सातव्या शतकातला एलिजियस हा फ्रँक राजांचा सोनार, पुढे बिशप झाला आणि सोनारांचा संरक्षक संत म्हणून आजही मानला जातो. त्याची प्रसिद्ध गोष्ट म्हणजे राजानं एका सिंहासनापुरतं सोनं दिलं आणि त्यानं तेवढ्यातच दोन करून दिली. म्हणजे सोनाराची सचोटी हीच त्याच्या संतपणाची पहिली पायरी. सँ-देनीच्या मठासाठी त्यानं केलेला प्रचंड रत्नजडित क्रूस फ्रेंच राज्यक्रांतीत गेला, एक तुकडा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात उरलाय.

जडावकार

दोन सिंहासनांची गोष्ट आजच दुकानात सांगणार. आमच्या धंद्याबद्दलच्या म्हणी सगळ्यांना पाठ आहेत, ही गोष्ट कुणाला माहीत नसते.

रुईफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात ते खरं, जडावकारांनी खडे आधी आणि क्रूस नंतर हे सांगितल्यापासून मी त्या क्रूसाकडे दुसऱ्याच क्रमानं बघतेय.

काल रात्री हा सगळा धागा बाबांना फोनवर वाचून दाखवला. पोस्टकार्डांचे फोटो त्यांना आधीच पाठवले होते. पुढच्या बाजूबद्दल ते फारसं बोलले नाहीत, ‘मोठं काम आहे’ एवढंच. मागच्या बाजूबद्दल मात्र बराच वेळ बोलले. म्हणाले, कोरताना मनगट स्थिर ठेवून पत्रा फिरवावा लागतो, तेव्हा कुठं वळण गोल येतं. चुकलेली रेघ खोडता येत नाही, फक्त जाड करता येते. त्या ख्रिस्ताच्या छातीपासून पोटापर्यंतच्या रेघेत त्यांना एकही जाड केलेली जागा दिसली नाही. मग विचारलं, पुढचं आणि मागचं एकाच माणसानं केलंय का? मला उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, आमच्याकडे जडवणारा वेगळा आणि कोरणारा वेगळा असतो, तिथंही दोघं असतील, एकाच भट्टीपाशी बसलेले.

मी आजवर एकाच सोनाराचं नाव शोधत होते.

येत्या शनिवारी परत आखेनला जातेय. बाबांना कडेच्या पट्टीचा फोटो हवाय, पुढचा पत्रा आणि मागचा पत्रा लाकडावर कसे मिळतात ते बघायला. मिळाला तर इथं लावते.